हारासाठी हुक

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका सभागृहात एका हुकाला टाळ्या पडल्या. पितळी हुक, करंगळीएवढा, दोन स्क्रूंवर बसणारा. पडद्यावर त्याचा फोटो आला, अदिती मॅडमनी तो कशासाठी आहे ते इंग्रजीत सांगितलं, आणि एसीत बसलेली ती शिकलीसवरलेली मंडळी आधी हसली, मग टाळ्या वाजवू लागली. मी इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसलो होतो. फोटोखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. चष्मा पुसून वाचली. ‘एका स्थानिक पुरवठादाराने सुचवलेला उपाय.’

तो स्थानिक पुरवठादार म्हणजे मी, काळोखे.

चहाच्या वेळी मी मॅडमना गाठलं आणि चार लोकांत आवाज चढवला. “माझं नाव लिहायला शाई संपली होती का तुमची?”

“काका, संशोधनात नावं गुप्त ठेवायची पद्धत असते.”

“गुप्त गुन्हेगाराचं ठेवतात, मॅडम.”

जेवणाची सोय होती. न जेवताच निघालो आणि हडपसरला पोचेपर्यंत त्याचाही राग येत राहिला.

तो राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण हुकाची गोष्ट सांगायची तर पूर्ण सांगावी लागेल, आणि पूर्ण गोष्टीत एक भाग असा आहे की जो त्या सभागृहात कोणी सांगितला नाही. मॅडमना तो माहीत नव्हता. मला होता.

मी पॅनेल बनवतो. कुठल्याही मशीनच्या तोंडावर एक रंगीत प्लास्टिकची पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर ‘चालू’, ‘बंद’, ‘वर’, ‘खाली’ असं छापलेलं असतं आणि त्यावर बोट दाबलं की आत टिक् होतं. ती पट्टी म्हणजे पॅनेल. वजनकाटा, लिफ्ट, पॅकिंगची मशीनं, सगळ्यांना लागते. छपाई मागच्या बाजूने करतात, म्हणजे बोटांनी शाई पुसली जात नाही. आत पत्र्याच्या फुगीर चकत्या असतात, त्या दबल्या की टिक्. आणि बटणाभोवती पट्टी गरम साच्यात दाबून जो उंचवटा काढतात त्याला आम्ही कड म्हणतो. टिक् कळतं बटण दाबल्यावर. कड कळते दाबण्याआधी. लोकांना हा फरक किरकोळ वाटतो.

वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामगार होते. मी अकरावीतून शाळा सोडली, गाड्यांच्या नंबरप्लेट रंगवल्या, लग्नाच्या पत्रिका छापल्या. मग हडपसरच्या एका मशीनवाल्याने विचारलं, हे छापून देतोस का, आणि मी हो म्हणालो. कसं छापायचं ते नंतर शिकलो. ओळख नाही, भांडवल नाही, इंग्रजी तर नाहीच. एक गोष्ट मात्र येत होती, ती म्हणजे घासाघीस. समोरचा माणूस खुर्चीत किती मागे रेलला आहे त्यावरून तो अजून किती वर येईल हे मला कळतं. या बाबतीत मी नम्रता दाखवत नाही.

पॅनेल कसं असावं हे मला जुन्या पॅनेलांनी शिकवलं. झिजलेली पट्टी बदलायला परत येते, ती मी फेकत नाही. खिडकीशी तिरकी धरून बघतो. एका धोबीखान्याच्या मशीनवर सोळा बटणं होती आणि मशीन बनवणारे शेठ त्या सोळांवर फार खूश होते. दोन वर्षांनी पट्टी आली तेव्हा चौदा बटणं करकरीत कोरी होती आणि दोन घासून पांढरी झाली होती. ती पट्टी मी शेठच्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, “ही चौदा शोभेची का?” त्यांनी मला सहा महिने काम दिलं नाही. दातांच्या एका डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीची पट्टी नेमकी एका कडेला चुरगळली होती. जाऊन पाहिलं तर बाईंचे दोन्ही हात पेशंटच्या तोंडात आणि बटण दाबताहेत कोपराने. इंजिनिअर म्हणाला, पुस्तिकेत बोटाने दाबा असं स्पष्ट लिहिलंय. मी बटण कोपराएवढं करून दिलं.

इंजिनिअर लोकांशी माझी भांडणं बहुतेक याच एका मुद्द्यावर झाली. “ऑपरेटरने बटणावरचं वाचायला काय होतं?” असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. “साहेब, गाडी चालवताना गिअरच्या दांड्यावर काय लिहिलंय ते तुम्ही वाचता का?” काम करणाऱ्याचे डोळे कामावर असतात. पॅनेल वाचतं ते त्याचं बोट. एकदा एका मीटिंगमध्ये मी नमुना भिरकावला होता. तो इंजिनिअरला लागला नाही, पण काम गेलं.

अदिती मॅडम एका डिझाइन कॉलेजात शिकवतात. कोणाकडून तरी नाव ऐकून वर्कशॉपवर आल्या, स्टुलावर बसल्या आणि वही उघडली. त्यांनीच मला सांगितलं की माणूस आणि यंत्र यांचं कुठे जुळतं, कुठे बिनसतं याचा अख्खा विषय आहे, त्यावर जगभर संशोधन चालतं, पदव्या मिळतात. त्याला वापरसुलभता असाही एक शब्द आहे म्हणे. मला आनंद व्हायला हवा होता. मी म्हणालो, “तीस वर्षं मी हेच करतोय आणि लोक मला स्टिकरवाला म्हणतात.” त्यांनी तेही वहीत लिहून घेतलं. बाई मात्र चिकाटीच्या. आठवड्यातून एकदा येत, आणि मी जे सहज बोलून जाई त्याला ‘का?’ विचारत.

आता मूळ गोष्टीकडे येतो. हडपसरच्याच एका कारखान्यात ब्लिस्टर पॅकिंगची सहा मशीनं आहेत. खेळणी, बॅटऱ्या, दात घासायचे ब्रश अशा वस्तू पुठ्ठ्याच्या कार्डावर ठेवून वर प्लास्टिकचं पारदर्शक झाकण बसवतात. गरम प्लेट खाली येते आणि झाकण कार्डाला चिकटतं. एका मशीनवर दोघी. एक पॅनेलपाशी उभी राहते, दुसरी कार्डं मांडते. कार्ड तिरकं झालं की पॅनेलवालीने प्लेट वर घ्यायची, दुसरीने कार्ड सरळ करायचं. दिवसातून कितीतरी वेळा.

तिसऱ्या मशीनवर पॅनेलपाशी नसीमआपा होत्या. येरवड्याच्या, पन्नाशीच्या, बारा वर्षांच्या अनुभवाच्या. समोर कार्डांवर सुनीता, वय तिशीचं. दसऱ्यानंतर काम सुरू झालं त्या पहिल्याच सकाळी प्लेट अर्ध्यावर असताना कार्ड सरकलं. सुनीता म्हणाली, “आपा, वर घ्या,” आणि सवयीने हात आत घातला. प्लेट खाली आली. सुनीताने हात ओढून घेतला, तरी उजव्या हाताची दोन बोटं वरच्या बाजूने भाजली.

नसीमआपांना घरी बसवलं आणि चौकशी लावली. नोटिशीत शब्द होता निष्काळजीपणा.

मला हे कळलं ते बापटांच्या फोनवरून. बापट कारखान्याचे मॅनेजर. पूर्वी तिथेच खरेदी बघायचे, त्या सहा मशीनांची पॅनेलं मी त्यांच्याशीच ठरवली होती. म्हणाले, “काळोखे, एक पत्र हवंय. बटणांवर ‘वर’ आणि ‘खाली’ ठळक, वाचता येईल असं छापलेलं आहे, बस्स. फाइलला लागतं.” आणि थोडं थांबून, जसं सहज आठवावं तसं, “नवीन वीस मशीनं येतायत. पॅनेलं तुम्हीच करणार ना?”

वीस मशीनं. खोटं कशाला बोलू, मी पत्राचा मजकूर मनात जुळवतच तिथे गेलो. मजकुरात खोटं काहीच नव्हतं. छपाई माझी आहे, ती ठळकच असते.

मशीन बंद ठेवलेलं होतं. खंडेनवमीला त्याची पूजा झालेली होती. पत्र्यावर हळदीकुंकवाची बोटं, कोपऱ्यात आंब्याची डहाळी, आणि झेंडूचा हार. हार कुठे होता? पॅनेलच्या वरच्या अंगाला धोक्याच्या वेळी दाबायचं लाल बटण असतं, मोठं, छत्रीसारखं बाहेर आलेलं. हार त्याच्यावर होता. अख्ख्या मशीनवर हार अडकवायला तेवढी एकच सोयीची जागा. पूजेचा हार आपण सुकेपर्यंत काढत नाही, त्यामुळे कामाला लागतानाही तो तिथेच होता. प्लेट खाली येताना दिसली तेव्हा आपांचा हात लाल बटणाकडे गेला असणार, आणि हातात झेंडू आले असणार. मी बाकीची पाच मशीनं फिरून आलो. पाचही हार पाच लाल बटणांवर.

मग पॅनेलकडे पाहिलं. पूजेच्या आदल्या दिवशी साफसफाईवाल्यांनी त्या वर्षी पहिल्यांदाच थिनरच्या फडक्याने मशीनं पुसून काढली होती, पट्टी नव्यासारखी चमकत होती. मी खाली वाकलो आणि काच पुसताना करतो तशी तोंडाची वाफ तिच्यावर सोडली. डिंकाचं काम करणाऱ्याची ही सवय. वाफ सगळीकडे धरली, पण ‘वर’च्या बटणावर मधोमध एक गोल कोरा राहिला. मसुराच्या दाण्याएवढा. तिथे काहीतरी चिकटवलेलं होतं, आणि बरेच दिवस होतं.

बापटांना मी काही बोललो नाही. उद्या पत्र देतो म्हणालो आणि सुनीताच्या घरी गेलो. गावठाणात दोन खोल्या, हाताला बँडेज, सासू दारात बसलेली. पॅनेल मी केलंय म्हटल्यावर सुनीता सावध झाली.

“‘वर’च्या बटणावर काय चिकटवलं होतं?” मी विचारलं.

ती सासूकडे बघत राहिली. मग म्हणाली, “टिकली.”

“कोणाची?”

“माझीच की. आपा कुठं लावतात टिकली?” मग बोलायला लागली. “दोन्ही बटनं सारखीच लागतात हाताला. आपांनी एकदा असंच खाली दाबलं व्हतं, तवा माझा हात बाहेर व्हता म्हणून बरं. मग मी कपाळाची टिकली काढली आन् लावली वरच्या बटनावर. म्हनलं, आपा, टिकली लागली की दाबा. पडली की मी दुसरी लावायची. तीन वर्सं झाली. येकदा चूक नाय.”

“मग हे चौकशीत का नाही सांगितलं?”

“मशीनला काय बी चिकटवायचं नाय असा नियम हाय, साहेब. नोटीस दोघींना येईल. आन् माझ्या हाताचा दवाखाना कंपनी करतीय. आपा म्हनल्या, तू गप बस, माझं बघू.”

थिनरच्या फडक्याने टिकली गेली. सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी आपांचं बोट टिकली शोधत फिरलं, सापडली नाही, आणि समोरून “वर घ्या” ऐकू आल्यावर जिथे होतं तिथे दाबलं गेलं. मला तेव्हा जो राग आला तो फार चांगल्या प्रतीचा होता. कारण पहिल्या नमुन्यात मी ‘वर’ला उंच कड दिली होती आणि ‘खाली’ला खोलगट, आणि बापटांनी ती काढायला लावली होती. हे मी गेली चार वर्षं सगळ्यांना सांगत आलो होतो. अदिती मॅडमच्या वहीतही ते लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बापटांच्या केबिनमध्ये मी उभ्यानेच सुरुवात केली. “दोन रुपये वाचवायला तुम्ही कड काढलीत आणि त्या बाईंना निष्काळजी म्हणता?” बराच वेळ बोललो. बाहेर लोक थांबून ऐकत होते.

बापट सदाशिव पेठेतले. आवाज चढवत नाहीत. म्हणाले, “आपलं झालं असेल तर बसा.” कपाटातून फाइल काढली, एक कागद उलटा करून माझ्यापुढे सरकवला. माझं कोटेशन. त्यावर रेट खोडून खाली नवा रेट लिहिलेला आणि पुढे तीन शब्द. ‘कड वगळून. मान्य.’ अक्षर माझं, सही माझी.

आणि मला सगळं आठवलं. बापट त्या दिवशी खुर्चीत पुढे झुकलेले होते, म्हणजे आणखी वर येणार नव्हते. दुसऱ्या पार्टीचा रेट त्यांच्या हातात होता. “काळोखे, बसत नाही हो,” असं ते म्हणाले. “कड कशाला असते?” असंही त्यांनी विचारलं होतं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. आणि मी, ज्याला माहीत होतं तो मी, म्हणालो, “कड काढली तर बसेल.” मग चहा आला. गाडीवर परत येताना मी खुशीत होतो, कारण कडेचा साचा वाचला म्हणजे उतरलेल्या रेटमध्येही मला चार पैसे सुटत होते. त्यानंतर कधीतरी सांगता सांगता ते वाक्य माझ्या तोंडातून बापटांच्या तोंडात गेलं. खोटं बोललो असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

“मी विचारलं होतं कशाला असते,” बापट म्हणाले. “आपण काही बोलला नाहीत.”

मी कागद परत त्यांच्याकडे सरकवला.

मग मी आयुष्यातला सगळ्यात वाईट सौदा केला. म्हणालो, सहाही मशीनांना कडेची नवी पॅनेलं मी माझ्या खर्चाने बसवून देतो. पत्रही देतो, पण मला पाहिजे ते. कड नमुन्यात होती, ती कशासाठी असते हे मला माहीत होतं, आणि रेट जुळवायला ती मी काढली, असं लिहितो. नियम मोडून बाईंनी जे चिकटवलं ते त्या कडेच्या जागी होतं, हेही लिहितो. बदल्यात नसीमआपांची नोटीस मागे, सुनीताला एक शब्द विचारायचा नाही.

“आणि माझं काय लिहिणार?” बापटांनी विचारलं.

“तुम्ही विचारलं होतं, तेही लिहितो.”

ते मागे रेलले. “मालकांशी बोलतो.” मी ओळखलं, झालं.

तीन दिवसांनी नोटीस मागे घेतली. वीस मशीनांची पॅनेलं मात्र दुसऱ्या पार्टीकडे गेली. स्वतःची चूक लेखी देणाऱ्या माणसाला काम देणं मालकांना धोक्याचं वाटलं, असं बापटांनीच सांगितलं. मला पटलं. मीही दिलं नसतं.

त्याच संध्याकाळी येरवड्याला गेलो. नसीमआपांचं घर गल्लीच्या टोकाला. त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं आणि समोर उभ्या राहिल्या. नोटिशीचं त्यांना आधीच कळलं होतं.

“साहेब, नोकरीचं जाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “ती पोरगी माझ्यासमोर ओरडली, ते कानातून जात नाही. मला एकच सांगा. माझ्या बोटाची चूक होती का?”

“नव्हती.”

“मग कोणाची?”

मी सांगितलं. कड म्हणजे काय, ती कशी होती, कोणी काढली, सगळं. मी थांबल्यावर म्हणाल्या, “बापटसाहेबांच्या केबिनमध्ये तुम्ही कसे भांडलात ते सुनीताने सांगितलं. सगळ्या शेडला ऐकू गेलं म्हणे.”

“हो.”

“भांडता येतं तुम्हाला चांगलं. मग तेव्हाच भांडायचं होतं ना.”

त्या रागाने बोलल्या नाहीत. पेला उचलून आत गेल्या.

पुढच्या महिन्यात मी नवी पॅनेलं बसवली. ‘वर’ला उंच कड, ‘खाली’ला खोलगट. त्याच वेळी प्रत्येक मशीनच्या डाव्या बाजूला, लाल बटणापासून हातभर लांब, एकेक पितळी हुक लावला. हारासाठी. कारखान्याचा इंजिनिअर म्हणाला, “हा कुठल्या स्टँडर्डमध्ये आहे?” मी म्हणालो, “पंचांगात.” हार लावू नका असं सांगून कोणी ऐकलं नसतं, आणि का ऐकावं? वर्षातून एकदा माणूस मशीनला नमस्कार करतो. त्याला जागा करून देणं हे मशीन बनवणाऱ्याचं काम आहे.

अदिती मॅडमना मी हुक दाखवला, हाराचं सांगितलं, टिकलीचंही सांगितलं. त्या कोटेशनचं सांगितलं नाही. त्यांनी हुकाचा फोटो काढला, आणि मग ते सभागृह, त्या टाळ्या आणि ती ओळ.

भांडणानंतर दोन महिने आम्ही बोललो नाही. मग त्यांचा फोन आला. “काका, लेख छापायचाय. तुमची लेखी परवानगी असेल तर तुमचं नाव घालता येईल. ज्यांनी हे शोधलं ते काळोखे, असं.”

इतके दिवस मला हेच हवं होतं.

“शोधलं सुनीताने,” मी म्हणालो. “तिचं आणि नसीमआपांचं नाव घाला.”

“त्यांची नावं घालणं अवघड आहे हो. नियम मोडल्याचं छापलं जाईल, त्यांनाच त्रास व्हायचा.”

“मग माझंही राहू द्या. आणि तुमच्या वहीत लिहिलंय ना, कड खरेदीवाल्यांनी काढायला लावली म्हणून? ते खोडा. मी काढली.”

पलीकडे पेनाचा आवाज आला. मग नेहमीचा प्रश्न आला, “का?” त्याचं उत्तर द्यायला मला त्यांच्याकडे तीन वेळा जावं लागलं. ही गोष्ट म्हणजे त्याच उत्तराचा उरलेला भाग आहे.

आता मी रेटसाठी भांडतो, छपाईच्या रंगासाठी भांडतो, उधारीच्या दिवसांसाठी भांडतो. कडेवर बोलणं होत नाही. कोटेशनमध्ये तिचा वेगळा रेटच लिहीत नाही, म्हणजे वगळायला काही उरत नाही. त्यापायी दरवर्षी दोन-तीन कामं जातात. गेली की मी वर्कशॉपमध्ये ओरडतो, शिव्या देतो आणि मग कामाला लागतो.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मात्र ठरवून त्या कारखान्यात जातो. साफसफाईवाल्यांना सांगतो, थिनर नको, ओलं फडकं. बापट लांबून बघतात, अडवत नाहीत. यंदाही गेलो. सहाही मशीनांचे हुक चकाकत होते, कोणीतरी चिंचेने घासले होते. मी तिसऱ्या मशीनपाशी आलो. सुनीता कार्डं आवरत होती. तिच्या अनामिकेची घडी अजून पूर्ण होत नाही, कार्डांचा गठ्ठा ती तीन बोटांनी धरते. नसीमआपा पॅनेलपाशी उभ्या होत्या.

मी वाकून पॅनेल बघितलं. ‘वर’ची कड छान उठून होती, आणि तिच्या बरोबर मधोमध एक टिकली होती. तांबडी, नवीकोरी.

माझं डोकं गरम झालं. एवढी कड दिली, साचा केला, पदरचा खर्च केला! “आता ही कशाला?” मी म्हणालो. “कड लागत नाही का बोटाला?”

“लागते ना,” आपा म्हणाल्या. “चांगली लागते.”

“मग?”

आपांनी सुनीताकडे पाहिलं. सुनीता गठ्ठा ठोकून सरळ करत म्हणाली, “कड तुमची हाय, साहेब. ऱ्हाईल, न ऱ्हाईल. टिकली आमची हाय.”

टिकलीच्या डिंकाने पट्टीला पिवळा डाग पडतो, तो जात नाही, पट्टी लवकर बदलावी लागते. हे सगळं सांगायला मी तोंड उघडलं होतं. नखही पुढे केलं होतं. पण दोघी माझ्या हाताकडे बघत होत्या. मी हात मागे घेतला आणि फडकेवाल्याला हाक मारली.

“हे मशीन पुसताना जपून. वरच्या बटणाला हात लावायचा नाही.”